मदत हवी आहे: ग्रबचा (चालू होताना उबुंटू की विंडोज विचारणाऱ्या प्रोग्रामचा) टाइमआउट 2 केला तरी मेनू 30 सेकंद थांबतो (उबुंटू + विंडोज)

नमस्कार. इंदूरहून, रामबागेतून लिहितेय. प्रश्न माझ्या बाबांच्या पीसीचा आहे. वय 76. रोज सकाळी पूजा आटोपली की ते टंकायला बसतात. आजोबांच्या मोडीतल्या सात वह्या देवनागरीत उतरवताहेत, सध्या चौथी चालू आहे. हे सगळं उबुंटू 22.04 या लिनक्सवर, इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीने. विंडोज 10 आहे ते फक्त जुन्या फाँटमधल्या फायली उघडायला.

पीसी जुना असला तरी त्यात एसएसडी आहे, रॅम 8 जीबी. दिवाळीत विंडोज बिघडलं म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडून पुन्हा टाकून घेतलं. त्याने डिस्कवरचं एक ‘रिकामं’ पार्टिशन (डिस्कचा भाग) डी ड्राइव्हला जोडून दिलं. तेव्हापासून चालू व्हायला तीन मिनिटं लागतात. आधी मेनू रेंगाळतो, मग स्क्रीन काळी. बाबांना वाटतं बंद पडला. ते बटण दाबून धरतात आणि पुन्हा चालू करतात. परवा तीनदा असं झालं आणि एक ओळही न टंकता ते उठले. मला ते बघवलं नाही.

ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाईलमध्ये टाइमआउट 10 चा 2 केला, बदल लागू करायला अपडेट-ग्रब चालवलं. फरक शून्य. सिस्टमडी-ॲनालाइज (चालू होताना कुठे किती वेळ गेला ते सांगणारी आज्ञा) असं सांगतं: फर्मवेअर (बोर्डाची तयारी) 13 सेकंद, लोडर (ग्रब) 33, कर्नल (उबुंटूचा गाभा) 36, यूजरस्पेस (बाकीच्या सेवा) 1 मिनिट 48. चूक कुठे होतेय? विंडोजची नोंद मेनूतून जाता कामा नये.

प्रतिसाद (बडोदा)

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नीट सांगता येतंय. दोष ग्रबचा नाही, मेनू रेंगाळणं हा फक्त शेवटचा परिणाम आहे. आकडे शेवटाकडून सुरुवातीकडे बघा.

ते ‘रिकामं’ पार्टिशन म्हणजे उबुंटूचं स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असणार. विंडोजला ते ओळखता येत नाही. ते गेलं, पण त्याचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) एफएसटॅबमध्ये (चालू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत) तसाच राहिला, म्हणून सिस्टमडी (उबुंटूच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघतं. तोच यूयूआयडी इनिटरॅमएफएसच्या (कर्नलसोबत आधी चढणाऱ्या छोट्या फाईलसंचाच्या) रिझ्यूम फाईलमध्येही असतो; झोपवलेला पीसी कुठून जागा करायचा ते ती सांगते. तिथे आणखी 30 सेकंद जातात, ते तुमच्या कर्नलच्या आकड्यात दिसताहेत. काळ्या स्क्रीनवर एस्केप दाबा, कशाची वाट बघतोय ते तिथेच लिहून येईल.

आता मेनू. उबुंटूचा ग्रब लिनक्स सुरू करताना ‘रेकॉर्डफेल’ नावाची खूण करून ठेवतो आणि बूट (चालू होणं) पूर्ण झालं की ती पुसली जाते. बाबा मध्येच बटण दाबतात तेव्हा ती तशीच राहते. पुढच्या वेळी ग्रब समजतो की मागचं बूट फसलं, आणि तुमचे 2 सेकंद बाजूला ठेवून 30 सेकंद थांबतो. तुम्ही मोजलंत त्याच्या आधीचं बूट असंच तोडलेलं असणार. रेकॉर्डफेलचा वेगळा टाइमआउट लिहून ते 30 कमी करता येतात, पण मी तसं करणार नाही. खरंच काही बिघडलं तर रिकव्हरी (दुरुस्तीचा पर्याय) निवडायला तोच वेळ हाताशी असतो.

करायचं एवढंच: आधी एफएसटॅबची प्रत काढा. बीएलकेआयडी (पार्टिशनांचे यूयूआयडी दाखवणारी आज्ञा) चालवून यूयूआयडी ताडून बघा. जो सापडत नाही त्या स्वॅपच्या ओळीपुढे हॅश (#) टाका, म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही. रिझ्यूम फाईलमध्ये ‘रिझ्यूम=नन’ लिहा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. स्वॅप हवं असेल तर नंतर स्वॅपफाईल करता येईल. विंडोजच्या नोंदीची काळजी रास्त आहे. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून दुसऱ्या ओएसचा (इथे विंडोजचा) शोध घेणं मुळातच बंद असतं. ग्रब फाईलमधली ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करून ठेवा आणि मगच अपडेट-ग्रब.

धागाकर्ती

दादा, अगदी तसंच निघालं! एस्केप दाबल्यावर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि पुढे सेकंद मोजणं दिसलं. एफएसटॅबमधला स्वॅपचा यूयूआयडी बीएलकेआयडीच्या यादीत नव्हताच. आणि हो, मोजायच्या आधी बाबांनी बटण दाबलं होतं, त्यांना विचारलं.

सगळं केल्यावर मेनू 30 सेकंद थांबत नाही. आता लोडर 5 (टाइमआउट 3 ठेवलाय, बाबांना बाण दाबायला वेळ हवा), कर्नल 5, यूजरस्पेस 16. फर्मवेअरचे 13 धरून 39 सेकंद. विंडोज मेनूत आहे. आज सकाळी बाबांनी दोन पानं उतरवली.

ते 13 कमी करायला बायोसमधलं (बोर्डाच्या सेटिंगमधलं) फास्ट बूट चालू करू का? कीबोर्ड यूएसबीचा आहे.

प्रतिसाद (बडोदा)

नको. काही बोर्डांवर त्याने यूएसबी कीबोर्ड उशिरा जागा होतो, मग मेनूत बाणच चालत नाहीत आणि बाबांना विंडोज निवडता येणार नाही. त्यापेक्षा विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही आणि उबुंटूतून डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बाबांच्या जुन्या फायली तिथेच असतील ना?