दादाचा खोकला आणि बविंडीचं परमिट

फॅमिली ग्रुप : आपलं घर
बुधवार, रात्री ८:४०

वैशाली : सुमनआत्या, एक विचारायचं होतं. यांना सोमवारपासून सर्दी-खोकला आहे. ताप नाही. शनिवारी निघायचंय आणि मंगळवारी युगांडातल्या बविंडीच्या जंगलात गोरिला ट्रेकिंग. सकाळी जमतात तिथे कुणी खोकताना दिसलं तर सोडत नाहीत म्हणे. तेवढे चार-पाच तास खोकला दाबून ठेवेल असं काही औषध चालेल का?

संजयदादा : काही नाही गं आत्या, नुसता घसा खवखवतोय. मास्क असतोच की तिथे.

सुमनआत्या : संजू, फोन करणार होते, पण घरातल्या सगळ्यांनीच वाचावं म्हणून इथेच लिहिते. औषधाने खोकला दाबून आत जाऊ नकोस. बरं वाटलं नाही तर जाऊच नकोस.

संजयदादा : आत्या, एक परमिट ८०० डॉलरचं आहे. आपले सत्तर हजारांच्या आसपास. सहा महिन्यांपूर्वी भरलेत. आणि घसा खवखवतो म्हणून सोडून द्यायचं?

आई : पैसे परत मिळत नाहीत का?

मंदार : आई, ते मी इथून बघतो. उद्या सकाळीच कंपालातल्या एजंटच्या ऑफिसात जातो. दादा, आत्या काय म्हणते ते आधी ऐक.

सुमनआत्या : आपल्याला जी सर्दी होते तीच गोरिलांना होते. आपण गोळी घेऊन दोन दिवस झोपतो, ते डोंगरात पावसात भिजत बसतात. २००९ मध्ये रवांडात गोरिलांच्या ‘हिरवा’ नावाच्या कुटुंबात साथ आली. बारा जणांपैकी अकरा आजारी पडले. एक मोठी मादी आणि एक नुकतंच जन्मलेलं पिल्लू गेलं. तपासलं तर त्यांच्यात माणसाचा मेटान्यूमोव्हायरस निघाला. आपल्याकडे लहान मुलांना सर्दी-खोकला होतो, त्यातलाच हा एक. मोठ्या माणसाला कित्येकदा झाला हे कळतही नाही.
आणि हे डोंगरी गोरिले (माउंटन गोरिला) आहेत किती? गेल्या मोजणीत रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगाच्या डोंगरात ६०४ आणि बविंडीच्या बाजूला ४५९. सगळे मिळून १,०६३. जगात कुठल्याही प्राणिसंग्रहालयात ही जात नाही. मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होतं. एक गेलं की ते भरून यायला किती काळ जातो बघ.

वैशाली : आत्या, पण दहा मीटर लांब उभं राहायचं ना? शिवाय मास्क.

सुमनआत्या : वैशाली, दहा मीटरचा नियम आपल्याला माहीत, पिल्लाला कुठे माहीत?
मी गेले तेव्हाचं सांगते. सकाळी ट्रॅकर पुढे गेलेले असतात. आदल्या रात्री कुटुंब जिथे झोपलं ती पाना-फांद्यांची घरटी शोधायची आणि तिथून माग काढायचा. रोज रात्री नवीन घरटं करतात ते. आम्ही तीन तास चढत होतो. चिखल, वेली, आणि हात लावला की आग होणारी खाजरी पानं. एकदम गाइडने हात वर केला. घशातून खोल ‘म्म्ह’ असा आवाज काढला, म्हणजे आम्ही आलोय, भांडायला नाही. समोरून झाडीतून तसाच आवाज आला. अंगावर काटा आला माझ्या.
पाठ चंदेरी झालेला तो मोठा नर आमच्याकडे बघतही नव्हता. रानटी सेलरीचा दांडा दातांनी सोलायचा, आतला गर खायचा, साल बाजूला टाकायची. आपण ऊस सोलतो ना, अगदी तसं. शेजारी मादी, तिच्या पोटाशी पिल्लू. ते पिल्लू सुटलं आणि दोन पायांवर उभं राहून छाती बडवायला लागलं. तोल गेला, लोळत लोळत थेट माझ्या बुटांच्या दिशेने आलं. गाइड आम्हाला दंडाला धरून मागे ओढतोय आणि पिल्लू पुढे येतंय. दोन हातांच्या अंतरावर आलं होतं. त्याच्या नाकावरच्या सुरकुत्या दिसत होत्या मला. त्या सुरकुत्यांवरूनच तर तिथली माणसं एकेकाला ओळखतात. त्या क्षणी मी श्वास रोखून धरला होता. मला खोकला असता तर?

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

ईशान : सुमनआजी, मला का सोडत नाहीत? मी १३ वर्षांचा आहे. मी ट्रेकला बाबांपेक्षा फास्ट आहे.

सुमनआत्या : बाळा, पंधराच्या आतल्या कुणालाच नाही. मुलांमध्ये गोवर, कांजिण्या, सर्दी अशा साथी पटकन पसरतात, आणि तो नर अंगावर आल्यासारखा करतो तेव्हा न पळता खाली बसून राहावं लागतं. दोन वर्षांनी तुला मी घेऊन जाते. हे लिहून देते.

मंदार : दादा, अजून एक. १९९६ मध्ये बविंडीतल्या गोरिलांना खरूज झाली. केस गळले, अंग सोलवटलं, एक पिल्लू गेलं. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा वन्यजीव खात्यात पशुवैद्य होत्या. औषध देऊन बाकीच्यांना वाचवलं त्यांनी. खरूज आली कुठून, तर जंगलाला लागून शेतं आहेत, गोरिले पिकात उतरतात, आणि शेतात बुजगावण्यांच्या अंगावर माणसांचे जुने कपडे. गावात दवाखाना नाही, माणसांनाच खरूज. म्हणून त्यांनी पुढे संस्था काढली ती गोरिले आणि गावकरी, दोघांच्या तब्येतीची.

संजयदादा : बुजगावण्यावरून?

मंदार : हो.

संजयदादा : निफाडच्या मळ्यात मक्यातल्या बुजगावण्याला माझाच शर्ट आहे. गेल्या पावसाळ्यात मीच घातला.

आई : संजू, झोप आता. हळद-दूध घेतलंस का?

गुरुवार, सकाळी ७:०५

संजयदादा : रात्री दोनदा उठून खोकलो. मी जात नाही. वैशाली, तू जा. मी ईशानबरोबर लॉजवर थांबतो, नाहीतरी त्याला एकटं ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

वैशाली : मी एकटी?

सुमनआत्या : एकटी कुठली. एका कुटुंबाला दिवसात आठच माणसं भेटतात, ती सगळी तुझ्याबरोबर. आणि पोर्टर घे, बॅग हलकी असली तरी घे. माझ्याबरोबर विशीतली एक मुलगी होती. प्रत्येक घसरणीवर तिने आधी स्वतःचा पाय रोवला आणि मग मला हात दिला. ट्रेक नसेल त्या दिवशी तिला काम नसतं. उद्यानाच्या गेटवर जमणाऱ्या पैशातला वीस टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो, त्यातून शाळा-पाणी होतं. पण पोर्टरचे पैसे थेट तिच्या हातात पडतात.
संजू, तुझे पैसे वाया गेले असं मनात आणू नकोस. १९८० च्या दशकात विरुंगात अडीचशेच्या आसपास गोरिले उरले होते. पहारेकरी, ट्रॅकर, जनावरांचे डॉक्टर, जंगलात शिकारीसाठी लावलेले फासे काढणारी माणसं, हे सगळं परमिटच्या पैशावर उभं आहे.

संजयदादा : नाही आत्या. मनात नाही आता.

दुपारी १२:२०

मंदार : एजंटशी बोललो. आधीच सांगितलंत हे फार चांगलं केलंत म्हणाला. दादाची तारीख पुढे ढकलता येते का ते खात्याला विचारून कळवतो. दादा, मंगळवारी तुम्हा दोघांसाठी गावातल्या बात्वा लोकांबरोबर चालायचं ठरवलंय. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यांना या जंगलातून बाहेर काढलं, ना जमीन मिळाली ना पैसे. जंगल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ईशानला मध काढायची पद्धत दाखवतील. तुला खोकला असेल तर तिथेही मास्क लावायचा.

ईशान : 🙌🙌

संजयदादा : लावतो.

वैशाली : आत्या, हातमोजे कसले घेऊ?

सुमनआत्या : बागकामाचे जाड. लोकरीचे नकोत, ओले होतात. मोजे पँटवर चढव, मुंग्या आत शिरतात. यलो फीव्हरची कार्डं पासपोर्टमध्येच ठेवा, परत येताना मुंबईलाही बघतात. आणि फोटो पहिली दहा मिनिटं काढ, मग फोन खिशात. गोरिलांजवळ तास एकच मिळतो.