मदत हवी आहे: बाबांचा गाण्याचा क्लास ऑनलाइन होतोय, पण तंबोरा पलीकडे पोचत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो. बाबा घरीच ख्याल शिकवतात, ग्वाल्हेर घराण्याची गायकी. माझ्या लहानपणी संध्याकाळी पुढच्या खोलीतल्या सतरंजीवर बसायला जागा उरायची नाही. आता शिकणारी बरीच मुलं पुण्या-बंगळूरला नोकरीला गेली आहेत, दोघी तर न्यू जर्सीत आहेत. गाणं मात्र कुणालाच सोडायचं नाही. त्यांच्याच आग्रहावरून बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर व्हिडिओ कॉलवर शिकवायला होकार दिला. "ऑनलाइन एवढंच होतं" म्हणून भागवून न्यायची माझी तयारी नाही, म्हणून इथे विचारते आहे.

सगळ्यात मोठी अडचण तंबोऱ्याची. बाबांचा तंबोरा मिरजेचा, चार तारांचा, जवारी (तारांचा झणकार) सुरेख लागलेली. इथे खोली भरून जाते. पलीकडे मात्र सुरुवातीला क्षणभर ऐकू येतो आणि विरून जातो. बाबा गायला लागले की तुटक तुटक परत येतो, ते थांबले की पुन्हा गायब. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) खाली उतरताना शेवटचा स्वर गळतो, आणि खुल्या आवाजात तान घेतली की कुणीतरी मध्येच आवाज कमी केल्यासारखं होतं. पुण्याच्या विद्यार्थिनीने तिला कसं ऐकू येतं ते दुसऱ्या फोनवर टिपून पाठवलं. ते ऐकून बाबा म्हणाले, "तिच्या कानात षड्जच नाही, आधाराचा सा नाही, मग मी तिला शिकवतोय तरी काय?"

दुसरं तालाचं. विलंबित (संथ लयीच्या) एकतालात किंवा तिलवाडा तालात बंदिश चालू असते. ठेका (तबल्यावरचा ताल) आम्ही इकडून लावतो. ती म्हणते मी बरोबर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आले, आम्हाला ती मागे पडलेली ऐकू येते. आणि बाबांची शिकवण्याची रीतच मुळी शिष्याबरोबर गाण्याची आहे. तो अडखळला की त्याचा आवाज आपल्या आवाजात घेऊन पुढे न्यायचा. ते तर होतच नाही.

तिसरं, मुलं तास रेकॉर्ड करायची परवानगी मागतात. बाबांना पटत नाही. रेकॉर्डिंग हाताशी आहे म्हटलं की मुलं तासाला कान देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय घरातली बंदिश उद्या कुठल्या ग्रुपवर फिरेल याचा नेम नाही. दूरदेशी एकटीने रियाज करणाऱ्या मुलीची गरजही मला दिसते. तुम्ही काय करता?

आमच्याकडे साधा लॅपटॉप, वाय-फाय आणि ब्लूटूथ हेडफोन आहे. काही विकत घ्यायचं तर घेऊ, पण आधी नेमकं काय ते कळायला हवं. हाताने छेडलेला तंबोरा सोडून शिकवायला बाबा तयार नाहीत, आणि मीही त्यांना तसं सांगणार नाही.

प्रतिसाद (ठाणे)

ताई, मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. तंबोरा जातोय कारण ही ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं धरून ती तो काढून टाकतात. तंबोऱ्याचा गुणच अखंड वाजण्याचा, त्यामुळे तो पहिला बळी. मींड आणि तानेचं जे होतंय ते आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयीमुळे. झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे. ते चालू करा, त्याखालचा 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' चालू करा आणि 'एको कॅन्सलेशन' बंद करा. मग तास सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यात 'ओरिजिनल साउंड' चालू दिसतंय ना, ते पाहा. गूगल मीटमध्येही नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं.

एको कॅन्सलेशन बंद केलं की दोन्हीकडे हेडफोन हवेतच, नाहीतर आवाज फिरून परत येईल. ते वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज आणखी मागे पडतो, आणि त्याचाच माइक चालू झाला तर दर्जाही उतरतो. वाय-फायऐवजी राउटरपासून केबल ओढा. हे सगळं करून मग यूएसबी माइकचा विचार करा.

प्रतिसाद (वडोदरा)

मी तबला शिकवते. तालाचा उपाय सांगते, माझ्याकडे तो चालला आहे. जो गातोय, ठेका त्याच्याच बाजूला वाजला पाहिजे. मुलीने गाताना स्वतःच्या खोलीत ठेका आणि तंबोऱ्याचं ॲप लावायचं, बाबांनी आपला माइक बंद ठेवायचा. तिचं गाणं आणि ठेका दोन्ही सारख्याच उशिराने तुमच्याकडे पोचतात, त्यामुळे सम चुकली तर लगेच कळते. बाबा गाताना उलट. तंबोरा हाताचाच राहतो, फक्त मुलीचं ॲप त्याच्या पट्टीला मिळवून घ्या.

बरोबर गाण्याचं मात्र अवघड आहे. साधारण ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की दोघांची लय सुटते. न्यू जर्सी तुमच्यापासून जवळजवळ १२,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशालाच एका बाजूने ६० मिलिसेकंद लागतात, मग इंटरनेट कितीही चांगलं घ्या. पुणे हजारेक किलोमीटर, तिथे आशा आहे. आवाज कमी उशिराने पोचवणारी सोनोबस किंवा जॅम्युलस ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर दोन्हीकडे केबल लावून वापरून पाहा.

प्रतिसाद (इंदूर)

रेकॉर्डिंगबद्दल. तुमच्याच गावात १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं, संगीतशास्त्रकार पं. वि. ना. भातखंड्यांच्या पुढाकाराने. त्यांनी उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा (बंदिशी) स्वरलिपीत छापल्या तेव्हाही विद्या बाजारात गेली म्हणून ओरड झाली होती. आज त्याच पुस्तकांतून आपण शिकतो. तरी बाबांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आमच्या गुरुजींनी मधला रस्ता काढला: पूर्ण तास रेकॉर्ड करायचा नाही. तासाच्या शेवटी ते स्वतः स्थायी-अंतरा एकदा गाऊन देतात, आणि तो फक्त ज्याची तालीम झाली त्यालाच. बढत (राग हळूहळू फुलवणं) आणि बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवरच्या ताना) तासातच कानाने घ्यायच्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सेटिंग बदललं, वायरचा हेडफोन घेतला आणि पुण्याच्या मुलीला अख्खा तंबोरा ऐकू आला, खर्जाच्या तारेसकट! बाबांनी त्या दिवशी तास संपवलाच नाही, यमन झाल्यावर तिला भूपसुद्धा दिला. ठेका तिच्या बाजूला लावल्यापासून समेचा वादही मिटला. शेवटी बंदिश गाऊन देण्याची कल्पना बाबांना आवडली आहे, न्यू जर्सीच्या मुलींपासून सुरुवात करतील.

आता आवाज गाळणं बंद केल्यामुळे आमचा कूलर सगळ्यांना ऐकू जातो. ग्वाल्हेरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बाबा तासभर कूलर बंद करून घामाघूम बसतात, मला ते बघवत नाही. माइक फक्त समोरचा आवाज घेईल आणि मागचा कूलर सोडेल असा मिळतो का? तो बाबांपासून किती लांब ठेवायचा, म्हणजे गळा आणि तंबोरा दोन्ही येतील? ठाणेकर, सवडीने सांगाल का? आणि सोनोबस कुणी गाण्याच्या तालमीसाठी वापरलं असेल तर त्यांनीही लिहा, पुण्याबरोबर येत्या रविवारी करून बघायचं ठरलंय.