करा, करावे की केलेच पाहिजे? तांत्रिक लेखनातील क्रियापदांविषयी

प्रश्न

मी कोल्हापुरात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत असून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत प्रशिक्षण घेत आहे. ओतकाम विभागातील कामाच्या सूचना मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजी मसुद्यात ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’ ही रूपे वेगवेगळ्या ठिकाणी येतात. जुन्या मराठी पत्रकात मात्र सर्वत्र ‘करावे’ आहे, आणि पर्यवेक्षकांच्या मते सर्वत्र ‘करा’ हवे. कोणते रूप योग्य मानावे?

उत्तर

दोन्ही रूपे शुद्धच आहेत. अडचण आहे ती सर्वत्र एकच रूप वापरण्याची, कारण इंग्रजी मसुद्यातील ती तीन क्रियापदे शैलीसाठी बदललेली नसतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकलेखनाच्या नियमांनुसार ‘शॅल’ म्हणजे अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठीही १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, तो ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ अशा शब्दांचे अर्थ पक्के करण्यासाठीच.

मराठीतील ‘करावे’ हे विध्यर्थी रूप दोन वेगळी कामे करते. ‘अहवाल सात दिवसांत सादर करावा’ असे कार्यालयीन पत्रात आले की तो आदेश असतो. ‘जेवणानंतर थोडे चालावे’ हा केवळ सल्ला असतो. वाचणारा संदर्भावरून अर्थ ठरवतो. पण ओतकामाच्या जागी हा निर्णय वाचणाऱ्यावर सोडणे धोक्याचे आहे. लॅडल म्हणजे वितळलेला धातू ओतण्याचे भांडे. ‘लॅडल वापरण्यापूर्वी कोरडी करून तापवावी’ या वाक्यातून एखाद्याला ‘जमल्यास तापवावी’ असा अर्थ घेता येतो. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याखाली अडकलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक भरते आणि धातूचा रस उसळून बाहेर उडतो. येथे ‘लॅडल कोरडी आणि तापवलेली असलीच पाहिजे’ याखेरीज दुसरे रूप मला मान्य नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे : अटीसाठी ‘-लेच पाहिजे’, निषेधासाठी ‘-ता कामा नये’, शिफारशीसाठी ‘-णे चांगले’ किंवा ‘-ावे’, परवानगीसाठी ‘-ले तरी चालेल’ आणि क्षमतेसाठी ‘-ता येते’. ही विभागणी पत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहून द्यावी, कारण केवळ लेखकाला ठाऊक असलेला संकेत वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. ‘तुम्ही हा व्हॉल्व्ह उघडू शकता’ हे रूप मात्र टाळावे. त्यातून परवानगी दिली आहे की ताकदीविषयी सांगितले आहे, हे कळत नाही. उलट ‘हात भाजू शकतो’ हे शक्यता सांगणारे वाक्य निर्दोष आहे.

पर्यवेक्षकांचे म्हणणेही बरोबर आहे, पण ते क्रमाने करायच्या कृतीपुरते. ‘मुख्य स्विच बंद करा. पट्टा पूर्ण थांबू द्या. जाळी काढा.’ अशा पायऱ्यांत आज्ञार्थच हवा, कारण तो आखूड असतो आणि वाचणाऱ्याला थेट उद्देशून असतो. ‘तपासण्यात यावे’, ‘भरण्यात यावे’ ही कर्मणी वळणे तेथून काढून टाकावीत. त्यांत कर्ता हरवतो, आणि तेलाची पातळी ऑपरेटरने पाहायची की देखभाल विभागातील फिटरने, हा प्रश्न नेमका पाळी बदलताना उभा राहतो. ‘प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटरने तेलाची पातळी तपासलीच पाहिजे’ असे लिहिले की जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते.

उपप्रश्न

वाक्ये किती लांब असावीत? इंग्रजीत वीस शब्दांची मर्यादा सांगितली जाते, ती मराठीला लागू होते का?

उत्तर

ती मर्यादा एएसडी-एसटीई१०० या विमान उद्योगातून आलेल्या नियंत्रित इंग्रजीच्या मानकातील आहे : कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त वीस शब्द, वर्णनाच्या वाक्यात पंचवीस. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येत असल्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो, म्हणून तो आकडा जसाच्या तसा उचलू नये. मराठीत खरी काळजी घ्यायची ती वाक्याच्या शेवटाची. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकारही त्याच्याबरोबर शेवटी येतो. ‘यंत्र चालू असताना पट्ट्यावरील संरक्षक जाळी साफसफाईसाठी किंवा तपासणीसाठी काढू नये’ हे वाक्य घाईत अर्धेच वाचले, तर ते जाळी काढण्याच्या सूचनेसारखे वाटते. अशा वेळी निषेधाची वाक्ये आखूड ठेवावीत, त्यांचा वेगळा गट करावा आणि त्यावर ‘हे करू नका’ असा मथळा द्यावा.

दुसरी काळजी ‘करून’, ‘काढून’, ‘सोडून’ या रूपांची. कथेत ती वाक्याला छान गती देतात. सूचनेत त्यांच्या साखळीत चार पायऱ्या एकाच वाक्यात दडतात. शिवाय ‘पाणी सोडून इंजिन सुरू करा’ याचा अर्थ पाणी वाहते करून असा घ्यायचा, की पाणी वगळून? प्रत्येक कृतीला स्वतंत्र वाक्य आणि स्वतंत्र क्रमांक दिला की ही शंका उरत नाही.

शब्दांची पुनरुक्ती हा शालेय निबंधात दोष मानला जातो, पण येथे ती आवश्यक आहे. एकदा ‘बीड’ लिहिले की पुढे ‘ओतीव लोखंड’ किंवा ‘कास्ट आयर्न’ लिहू नये. नवखा कामगार त्या तीन वेगळ्या वस्तू समजेल. कोणता शब्द घ्यावा याबाबत भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जरूर पाहावेत, परंतु कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याला (ओतीव वस्तूत पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवलेल्या गाभ्याला) सगळे ‘कोअर’ म्हणतात त्याला पत्रकातही ‘कोअर’च म्हणावे.

उपप्रश्न

‘धोका’, ‘इशारा’, ‘सावधान’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का?

उत्तर

बोलण्यात चालतात, सुरक्षासूचनेत नाही. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ या मानकमालिकेत चार पायऱ्या आहेत : टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तर पहिली, होण्याची शक्यता असेल तर दुसरी, किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता असेल तर तिसरी, आणि इजा नव्हे, केवळ मालमत्तेचे नुकसान संभवत असेल तर चौथी. त्यांसाठी मी अनुक्रमे ‘धोका’, ‘इशारा’, ‘खबरदारी’ आणि ‘सूचना’ हे शब्द वापरतो. ‘सावधान’ मी मुद्दाम वगळला आहे, कारण तो लहानमोठ्या प्रत्येक प्रसंगी वापरला जातो आणि त्यातून धोक्याची पायरी कळत नाही. मथळ्यानंतर धोका कशाचा, तो टाळला नाही तर काय होईल आणि तो कसा टाळायचा, या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. आणि ही सूचना संबंधित कृतीच्या आधी छापलेली असली पाहिजे, नंतर नव्हे.