पश्चिमेकडच्या भिंतीची ओल आणि हाऊस रॅप

प्रश्न (गोरेगाव)
आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत दर जुलैमध्ये पाझरते. कपाटामागे हात लावला की रंगाचे पोपडे बोटांना चिकटतात आणि साड्यांना कुबट वास येतो. अमेरिकेत लाकडी घरांना गुंडाळतात, ते पॉलिथिलीनचे हाऊस रॅप गिलाव्याखाली लावता येईल का, हे कृपया सांगावे.

उत्तर (ठाणे)
कृपया तसे करू नका. हे कापड पाणी अडवते आणि वाफेला वाट देते, परंतु ते लाकडी सांगाड्यावर, बाहेरच्या आवरणामागे लावण्यासाठी बनवलेले आहे. विटांच्या भिंतीवर ते ठोकून वर गिलावा केला, तर गिलावा विटेला धरणारच नाही. आधी भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीचे सांधे आणि छज्जाचा उतार तपासून घ्यावा. माझ्या अनुभवात पाणी बहुधा तिथूनच शिरते.

उत्तर (दादर)
बाहेरून पत्र्याचे आवरण बसवणार असाल, तर त्यामागे रॅप जरूर लावावे. मात्र वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर चढलेला हवा आणि पाणी निथळायला मागे पोकळी हवी. एसीच्या खोलीत आतून विनाइल वॉलपेपर मुळीच लावू नये, कारण बाहेरून भिंतीत शिरलेली दमट हवा त्याच्या थंड पाठीशी अडते, तिथे पाणी साचते आणि बुरशी धरते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पाऊस सरल्यावर भिंत पूर्ण सुकू देऊन प्रथम खिडकीचे सांधेच भरून घेतो.