मूल घडते कशाने : सवयीने, मायेने की उपजत स्वभावाने?

धागालेखिका :
अंगणवाडीत जून उजाडला की एखादे तरी मूल दाराची चौकट सोडत नाही. यंदा तीन वर्षांच्या एका मुलाने पहिले आठ दिवस माझा पदर मुठीत धरून काढले. नवव्या दिवशी तो आपणहून ठोकळ्यांकडे गेला, मात्र मी जागेवर आहे ना, हे मागे वळून पाहत राहिला. ‘लाडावून ठेवू नका,’ असे पालक मला बजावतात. वर्तनवादाचे, म्हणजे मूल सवयीने आणि शिकवणुकीने घडते असे मानणाऱ्या मानसशास्त्रीय विचाराचे, प्रवर्तक जॉन वॉटसन यांनीही १९२८ मध्ये मुलांना कुरवाळू नये, असाच सल्ला दिला होता. पुढे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांपुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या, एक तारेच्या जाळीची आणि एक मऊ कापडाने मढवलेली. दूध तारेच्या आईकडे असले, तरी पिल्ले पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि एरवी कापडाला बिलगून राहत. माया ही वाढीची मूळ गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ :
वॉटसन यांच्या सल्ल्याचे समर्थन मी करणार नाही, पण त्यापायी सगळा वर्तनवाद मोडीत काढणे मला मान्य नाही. मी विशेष मुलांना शिकवतो. दात घासण्याचे आम्ही दहा-बारा टप्पे पाडतो आणि नुसता ब्रश हातात धरला तरी शाबासकी देतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने कित्येक महिन्यांनी स्वतःच्या हाताने चूळ भरली. तिच्या घरी मायेला तोटा नव्हता. कमी होती ती पद्धतीची. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती अशाच टप्प्यांनी घालवली : तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून हळूहळू जवळ आणला.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही उपजत भाग विसरता. अमेरिकेतील मिनेसोटात १९७९ पासून मानसशास्त्रज्ञ टॉमस बुशार्ड यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा बुद्ध्यांकातील फरकांपैकी सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचे आढळले. शिवाय मायेलाच सर्वस्व मानणाऱ्या विचाराने एकेकाळी स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) दोष आईच्या थंडपणावर टाकला होता. माझ्या घरात स्वमग्न मूल आहे, म्हणून हे मला फार लागते.

धागालेखिका :
ताई, आयांवर झालेला तो अन्याय मला पूर्ण मान्य आहे. मात्र ७० टक्क्यांचा आकडा सगळ्या घरांना लावता येत नाही. एरिक टर्कहायमर यांना २००३ मध्ये सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांत असे दिसले, की अत्यंत गरीब कुटुंबांत बुद्ध्यांकातील फरकांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा जवळपास शून्य, तर सामायिक परिस्थितीचा, म्हणजे दोन्ही जुळ्यांना सारख्याच मिळालेल्या घरच्या वातावरणाचा, सुमारे ६० टक्के होता. आणि माया म्हणजे सख्खी आईच, असेही मी म्हणत नाही. रोमानियातील बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत पाठवली गेली. त्यांचा बुद्ध्यांक संस्थेच्या देखभालीत राहिलेल्यांपेक्षा वाढला, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा अधिक. ती माणसे रक्ताची नव्हती, पण रोज तीच होती. म्हणूनच प्रतिसाद १ मधील सरांना विचारते : ती मुलगी चूळ भरायला शिकली, त्या सगळ्या महिन्यांत तिच्याजवळ शिक्षक म्हणून आपणच होता ना?

प्रतिसाद १ :
हो, मीच होतो. मध्यंतरी दोन आठवडे रजेवर गेलो, तेव्हा तिने ब्रश हातात धरणेही सोडले होते; बदली शिक्षिका तेच टप्पे, तीच शाबासकी वापरत होत्या.