नर्स म्हणून आपली ओळख नक्की कशाने बनते?

नाशिक_स्टाफ: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून प्रायव्हेट हॉस्पिटलला लागले, सध्या मेडिकल वॉर्ड. निम्मी ड्युटी फायली, इंडेंट (औषधं-सामानाची मागणी) आणि बिलिंगच्या फोनमध्येच जाते, नातेवाईक डॉक्टरांना हात जोडतात आणि आम्हाला सलाईन संपलं म्हणून ओरडतात. पण काही जुन्या सिस्टर बघते, कसला कॉन्फिडन्स असतो त्यांना! हा येतो कुठून, शिक्षणातून की वॉर्डातल्या माणसांमुळे?

रिटायर्ड_सिस्टर: अगं माणसांमुळेच. आमच्या इन्चार्ज सिस्टर टेबलापाशी हँडओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती) घेऊच द्यायच्या नाहीत, प्रत्येक बेडपाशी जायचं, पेशंटला कुशीवर करून पाठ बघायची, युरिन किती झाली ते सांगायचं. डेंग्यूच्या सीझनला एका पोराचं बीपी १००/८४ आलं, रेसिडेंट डॉक्टर फोनवर म्हणाले १०० आहे ना मग ठीक आहे, पण हात गार लागत होते आणि वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर दर वेळी कमी होत होतं, म्हणून मी परत कॉल केला आणि इन्चार्ज माझ्या बाजूने बोलल्या. डॉक्टर आले, फ्लुइड वाढवलं, पोरगं सावरलं. आपल्या सांगण्याला वजन आहे हे असं कळतं गं.

ब्रदर_आयसीयू: ताई पटलं, पण नाइटला एकटीवर अख्खा वॉर्ड टाकला तर ती बेडपाशी थांबणार कधी? कोविडमध्ये आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि लाट ओसरल्यावर कॉन्ट्रॅक्टवाल्या कित्येकांना घरी बसवलं. पगार आणि पुरेसा स्टाफ हा पण ओळखीचाच भाग आहे, नुसत्या सेवाभावावर किती दिवस काढणार.

परळकर: दोन्ही खरं. पण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग आठवा. १९७३ ला हल्ला झाला आणि कायमच्या अंथरुणाला खिळल्या, २०१५ ला गेल्या, एवढी ४२ वर्षं तिथल्या सिस्टर्सनी सांभाळलं, आणि शेवटी शेवटी करणाऱ्या कित्येक मुली तर हल्ल्यानंतर जन्मलेल्या. बेडसोर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर २०११ ला निकाल देताना सुप्रीम कोर्टाने केईएमच्या स्टाफलाच त्यांची जवळची माणसं मानलं. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नव्हतं, एका बॅचने दुसरीला दिलं.

नाशिक_स्टाफ: थँक्यू सगळ्यांना. आमच्याकडे बेडपाशी हँडओव्हर द्यायला कोणी तयार होईल का पण?

रिटायर्ड_सिस्टर: सगळ्या वॉर्डाचं राहू दे, तुझ्या बेडांपुरतं सुरू कर, पुढच्या शिफ्टच्या मुलीला सोबत घेऊन जा. आणि डॉक्टरांना कॉल केला की नोट्समध्ये वेळ टाकायची, काय सांगितलं तेही.