पऱ्यात चढणीचे मासे पुन्हा यावेत यासाठी काय करता येईल?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातून

नमस्कार. आमच्या वाडीखालून वाहणारा पऱ्या पुढे शास्त्री नदीला मिळतो. माझ्या लहानपणी मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की गाबोळीने भरलेले मासे नदीतून या पऱ्यात आणि तिथून थेट भाताच्या खाचरांत चढत असत. गेल्या आठ-दहा वर्षांत ही चढण जवळपास थांबली आहे. याच काळात खालच्या रस्त्यावर पाइपांची मोरी झाली, तिच्या वरच्या अंगाला सिमेंटचा बंधारा झाला आणि नंतर पोकलेन लावून पात्र सरळ व सपाट करण्यात आले. त्यात काठची करंजे आणि उंबरही गेले. आता एप्रिलमध्ये घोट्याएवढे, तापलेले पाणी उरते.

अमेरिकेच्या पूर्व भागात ब्रूक ट्राउट या तिथल्या मूळच्या माशासाठी ओढे पूर्वस्थितीला आणतात, पात्रात ओंडके ठेवतात, मोऱ्या बदलतात, काठाने झाडे लावतात, असे वाचनात आले. त्यातले आपल्याकडे काय लागू पडेल? वाडीतले पंधरा जण श्रमदानाला तयार आहेत. त्यांतल्या काहींना रोहू-कटल्याचे बीज आणून सोडावे असे वाटते. मला ते पटत नाही, परंतु नेमके कारण सांगता येत नाही.

उत्तर : गोड्या पाण्यातील माशांची अभ्यासक, रत्नागिरी

बीज सोडू नका, ही माझी पहिली विनंती आहे. रोहू आणि कटला हे मोठ्या नद्यांचे, खोल पाण्याचे मासे आहेत. जे पाणी उन्हाळ्यात आपल्या पऱ्याच्या स्वतःच्या लहान माशांनाही पुरत नाही, त्यात हे वाढणार कसे? शिवाय बाहेरून आणलेल्या बीजात तिलापिया मिसळून आला, तर तो पुन्हा काढता येत नाही. 1952 साली आपल्या देशात आणलेला हा मासा आज किती नद्यांत पसरला आहे, हे आपण पाहतोच.

ब्रूक ट्राउटची गरज आपल्या माशांपेक्षा फार वेगळी आहे. त्याला थंड पाणी लागते. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की तो अडचणीत येतो. तिकडच्या शरद ऋतूत, जिथे झऱ्याचे पाणी तळातून वर येते अशा बारीक खड्यांच्या जागी, मादी शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि ती अंडी हिवाळाभर खड्यांत राहतात. वरून गाळ बसला की ती गुदमरतात. आपल्याकडचे चढणीचे मासे मात्र पहिल्या पुराच्या मोजक्या दिवसांत अंडी घालतात, पिले खाचरांत आणि गवताळ काठांवर वाढतात आणि पाऊस ओसरताना त्यांना पुन्हा खाली उतरावे लागते. म्हणजे वाट दोन्ही वेळा मोकळी हवी. चढणीकडे सर्वांचे लक्ष असते, उतरणीकडे सहसा कोणी पाहत नाही.

कोकणात आणखी एक बाब आहे. आपल्या नद्या आखूड आहेत, त्यामुळे समुद्र आणि डोंगरातला ओढा हे खरोखर एकाच माशाचे घर असू शकते. अहीर हा वामीसारखा मासा जन्मतो समुद्रात आणि वाढतो गोड्या पाण्यात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिले खाडीच्या मचूळ पाण्यात वाढून मग वर येतात. अशा जिवांना एक बंधारासुद्धा कायमचा अडवू शकतो.

उत्तर : कुडाळहून

मी आधी मोरी पाहीन. पाइपाच्या खालच्या तोंडाशी पाणी वीतभर उंचीवरून पडत असेल, तर बोटाएवढा मासा तिथेच थांबतो आणि नेमका तिथेच तो पकडला जातो. मोरीच्या खालच्या बाजूस मोठे दगड उतरते रचून पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत फुगेल अशी व्यवस्था केली, तर माशाला उडी मारावी लागत नाही. पुढे मोरी नव्याने बांधायची वेळ येईल तेव्हा बॉक्स मोरीच मागा आणि तिचा तळ पात्रापेक्षा खाली घ्यायला सांगा, म्हणजे आत दगडगोटे आपोआप बसतील. बंधाऱ्याला फळ्या असतील तर त्या मृगापूर्वी न चुकता काढाव्यात. वनराई बंधाऱ्याच्या पोत्यांनाही हेच लागू आहे. ती तशीच सोडली की प्लॅस्टिक खाडीत जाते.

एक कोंड, म्हणजे पात्रातला खोल डोह, मासेमारीसाठी कायमचा बंद ठेवता आला तर फार चांगले. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वैतरणेवर तिळसे येथे महसीर मासे केवळ श्रद्धेमुळे सुरक्षित राहिले आहेत. विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हे वाडीत सर्वांना सांगावे.

उत्तर : चिपळूणहून

22 जुलै 2021 चा पूर आम्ही पाहिला आहे, म्हणून गाळ काढण्याला सरसकट विरोध मला मान्य नाही; घरांत पाणी शिरते तेव्हा माशांचा विचार कोणी करू शकत नाही. मात्र गाळ काढणे आणि पात्राचा तळ खरवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माती काढावी, गोटे, मोठे धोंडे आणि कोंड तसेच ठेवावेत, कारण दगडांच्या फटींतच लहान मासे उन्हाळा काढतात. यंत्र एकाच काठाने फिरवले तर दुसऱ्या काठाची झाडे वाचतात. ओंडक्यांची कल्पना मात्र इथे नको. आपल्या पावसात ओंडका वाहून मोरीत अडकला की पाणी थेट रस्त्यावर येईल. त्याऐवजी मोठे धोंडे वापरावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही मोरीखालची उडी मोजली. ती दीड वीत आहे. पावसाआधी तिथे दगड रचण्यासाठी पंचायतीला अर्ज देत आहोत आणि काठाला करंज, उंबर व वाळुंज लावणार आहोत. चढणीच्या दिवसांत पऱ्याची अर्धी रुंदी जाळ्याविना मोकळी ठेवावी, हे मी बैठकीत मांडणार आहे. ते मान्य होणे सर्वांत कठीण जाईल, कारण त्या माशांची चव माझ्याही तोंडात आहे.

उत्तर : रत्नागिरी

अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही द्या. वाडीतल्या जुन्या माणसांना माहीत असलेली माशांची नावे, ते कुठे आणि कोणत्या नक्षत्रात दिसत असत, हे लोक जैवविविधता नोंदवहीत आताच लिहून घ्या. दगड रचून झाले की पहिल्या पावसात मोरीच्या वरच्या बाजूला उभे राहून काय चढते ते पाहा आणि इथे कळवा.